पाचवीचा प्रवेश आणि पाण्यातले देव

मुलीला दोन वर्षं घरी शिकवलं असं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "का हो, काही प्रॉब्लेम होता का?" म्हणजे मुलीत. मुलीत काही प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम बदल्यांचा होता. नवरा सैन्यात हवालदार. चार वर्षांत तीन गावं, तीन शाळा, तीन रंगांचे गणवेश. एका शाळेत सगळं हिंदीत, दुसरीत सगळं इंग्रजीत, आणि तिसरीत बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून विचारलं, तुला कुठलीच भाषा धड येत नाही का? त्या दिवशी पोरीने घरी येऊन दप्तर पलंगाखाली सरकवलं आणि ते बाहेर काढेना.

त्याच महिन्यात नवऱ्याला फील्डवर पाठवलं. तिथे बायकामुलं नेता येत नाहीत. क्वार्टर सोडलं, ट्रंका ट्रकमध्ये घातल्या आणि आम्ही दोघी ठाण्याला, वर्तकनगरला सासूबाईंकडे आलेलो. सासरे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. ते गेल्यापासून दोन खोल्यांच्या त्या घरात सासूबाई एकट्याच. वर्षाच्या मधोमध कुठलीच शाळा पोरीला घेईना. मी बी.एस्सी., लग्नाआधी डोंबिवलीत शिकवण्या घ्यायचे. म्हटलं, जाऊ दे, उरलेलं वर्ष मीच शिकवते. त्या उरलेल्या वर्षाची दोन वर्षं झाली.

कल्याणची नणंद दर रविवारी यायची आणि चपला काढता काढता म्हणायची, "वहिनी, पोरीचं वर्ष वाया घालवशील हां." एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ताई, पाचवीला तिला खऱ्या शाळेत घालणार, आणि पाचवीतच घालणार. चौथीत बसवायची वेळ आली तर मी चूक होते असं तुमच्यासमोर कबूल करीन." बोलून बसले खरी. तेव्हापासून माझा जीव त्या पाचवीत अडकला. नवऱ्यालाही तसंच सांगितलेलं. तो फोनवर म्हणाला, "तू आहेस ना, मग होईल." असं कुणी म्हटलं की मला जास्तच टेन्शन येतं.

आमची शाळा स्वयंपाकघरात भरायची. नऊ वाजता प्रार्थना, ती सासूबाई सांगणार. मग गणित, कारण सकाळी माझं डोकं थंड असतं. दुपारी मराठी. अपूर्णांक भाकरीवर शिकवले, परिमिती गॅलरीतल्या दोरीवर. रेंज असेल तेव्हा नवरा फोन करायचा आणि पाढे म्हणून घ्यायचा. सतराचा पाढा एकदाही पुरा झाला नाही, एकशे दोनला फोन कट व्हायचाच. वेळापत्रक मी भिंतीला चिकटवलेलं आणि ते पाळलं नाही की मी किंचाळायचे. सासूबाई आतून म्हणायच्या, "अगं, शाळा आहे की पोलीस चौकी?"

एक विषय मात्र वेळापत्रकात नव्हता आणि तो मी सगळ्यात मन लावून शिकवला. बाबा कुठे आहेत, काय करतात, कधी येणार, हे घराबाहेर कुणालाही सांगायचं नाही. नवऱ्याने जाताना बजावलेलं. आम्ही त्याचा खेळच केलेला. मी कधी लिफ्टमधली काकू व्हायचे, कधी रिक्षावाला, कधी इस्त्रीवाला. "काय गं, बाबा कुठे असतात तुझे?" तिने म्हणायचं, "ड्युटीवर." पुन्हा खोदून विचारलं तर गप्प बसायचं. मी लाडीगोडी लावायचे, चॉकलेट दाखवायचे, दटावायचे. ती नुसती टक लावून बघत राहायची. मला भारी कौतुक वाटायचं. इतका पक्का झालेला धडा दुसरा कुठला नव्हता.

पाचवीच्या प्रवेशाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि नवऱ्याचा फोन आला की वरच्या चौकीवर जातोय, तिथून फोन होणार नाही. किती दिवस? ते त्यालाही माहीत नव्हतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. तांब्याचं पातेलं घासलं, पाण्याने भरलं आणि देव्हाऱ्यातले देव एकेक करून त्यात ठेवले. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदेवीचा टाक. "तो खाली उतरल्याचं कळेपर्यंत देव पाण्यातच राहतील," म्हणाल्या. "कुणी हात लावायचा नाही. पाणीसुद्धा हलवायचं नाही."

"अहो आई, सर्दी होईल देवांना," मी म्हटलं.

"होऊ दे. त्यांनाही कळू दे थंडी म्हणजे काय ते."

माझा स्वतःचा या सगळ्यावर विश्वास नाही, म्हणजे नव्हता, म्हणजे मी तसं सांगायचे. पण आमच्याकडे महापालिकेची माणसं घरोघरी साचलेलं पाणी तपासायला येतात. कुंडीखालच्या बशीवरूनही ऐकवून जातात. पातेलंभर पाणी आठ-आठ दिवस ठेवायचं म्हणजे डासांना आमंत्रणच. म्हणून मी रोज पहाटे, सासूबाई उठायच्या आधी, ते पाणी बदलायचे. कुणाला कळू न देता. पोरीने एकदा पाहिलं, तर तिलाही सांगितलं की हे डासांसाठी, आणि आजीला बोलायचं नाही. गप्प बसण्यात ती आता तरबेज होतीच.

शाळा बाळकुमला, नव्या टॉवरांच्या रांगेत. परीक्षेच्या दिवशी सासूबाईंनी पोरीच्या हातावर दही-साखर ठेवली आणि पातेल्यापुढे उभं करून नमस्कार करायला लावला. मी रिक्षात पुन्हा एकदा भागाकार घेतला. नवऱ्याचा फोन येऊन तेव्हा एकोणीस दिवस झालेले. मी मोजत नव्हते असं नाही.

बाहेरच्या बाकावर सगळे पालक जोडीने बसलेले. मी आणि माझी पर्स. तासाभराने शिपाई मला बोलवायला आला, फक्त मलाच.

मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, कॉटनची साडी, चष्मा दोरीला. पोर समोरच्या खुर्चीत पाय लोंबकळत बसलेली. "गणित उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "इंग्रजीही बरं आहे. पण हे बघा." त्यांनी मराठीचा कागद माझ्याकडे सरकवला. वर विषय छापलेला, 'माझे वडील'. खाली पंधरा रेघा आणि पंधराच्या पंधरा कोऱ्या.

"मी तोंडीही विचारलं," बाई म्हणाल्या. "बाबा काय करतात? ड्युटीवर म्हणाली. कुठे असतात? गप्प. शेवटचे कधी भेटले? नुसती बघत राहिली माझ्याकडे. घरी शिकलेल्या मुलांचं होतं असं. चार माणसांत बोलायची सवय नसते. एक वर्ष चौथीत बसू दे, रुळेल."

चौथीत. माझ्या डोळ्यांपुढे आधी नणंद उभी राहिली, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. मग ती दोन वर्षं, भाकरीचे तुकडे, गॅलरीतली दोरी. सगळा राग पोरीवर निघाला. "अगं, दातखिळी बसलेली का तुझी? आपल्या बाबांवर पाच ओळी लिहिता येत नाहीत? इतकं शिकवलं ते काय मातीत गेलं?"

तिचे डोळे भरले, पण आवाज स्वच्छ होता. "तूच सांगितलंयस ना. अनोळखी माणसाला बाबांचं काही सांगायचं नाही. ह्या अनोळखीच आहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांत मी तिला जे सगळ्यात चांगलं शिकवलं, तेच तिने परीक्षेत बिनचूक करून दाखवलेलं, आणि त्यासाठी मी तिला परक्या बाईसमोर फाडून खाल्लं. मी तिथेच तिची माफी मागितली. मग बाईंना सांगितलं, जेवढं सांगता येत होतं तेवढं. हे सैन्यात आहेत, फील्डवर आहेत, आणि घरात असा नियम आहे. सांगता सांगता मला रडू फुटलं. मला माणसांसमोर रडायला अजिबात आवडत नाही, पण त्या दिवशी इलाज चालला नाही.

बाई हसल्या नाहीत, बिचारी वगैरे म्हणाल्या नाहीत, त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. त्यांनी खणातून कोरा कागद काढला. वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'माझी आई'.

"हे चालेल का तुमच्या नियमात?" त्यांनी पोरीलाच विचारलं.

पोरीने माझ्याकडे बघितलं. "सगळं सांगायचं?"

"सगळं सांग," मी म्हटलं. माझ्यात सांगण्यासारखं असं काय होतं? चिडते, ओरडते, एवढंच ना.

पंचवीस मिनिटं ती आत होती. बाहेर आली तेव्हा बोटांना शाई लागलेली. बाईंनी मला आत घेतलं आणि फॉर्मवरची चौथी खोडून पाचवी केली. खाली सही केली. मग तो निबंधाचा कागद घडी घालून माझ्या हातात दिला. "मार्क देऊन झालेत. हा घरी ठेवा. आणि हो, भागाकार रिक्षात घेत जाऊ नका. तिने तेही लिहिलंय."

घरी आलो तर सासूबाई दारातच. "काय झालं?" मी म्हटलं, "पाचवी." त्यांनी पोरीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी नणंदेला फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलेलंच गं होईल म्हणून." मी त्यावर काही बोलले नाही, माझ्या दृष्टीने हा मोठाच संयम. मग स्वयंपाकघरात जाऊन मी शिरा करायला घेतला. बाहेरच्या खोलीत सासूबाई नातीला म्हणाल्या, "निबंध लिहिलास ना? मग वाच की मला." मी तोवर तो कागद उघडलाही नव्हता.

तिने माझ्या पर्समधून तो काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"माझी आई माझी बाई पण आहे. ती खूप चिडते पण लवकर थंड होते. ती रिक्षातसुद्धा भागाकार घालते. माझ्या आजीने देव पाण्यात ठेवले आहेत. आई म्हणते तिचा देवावर विश्वास नाही. ती म्हणते ती डासांसाठी पाणी बदलते. ती रोज आजी उठायच्या आधी पाणी बदलते. पण ती सगळे पाणी एकदम ओतत नाही. एक पेला काढते आणि एक पेला घालते. मी मोजले, असे बावीस वेळा. सगळे ओतले तर पटकन होईल, पण मग देव थोडा वेळ पाण्याबाहेर राहतील. म्हणून ती तसे करत नाही. नंतर ती पातेल्याच्या काठाला कपाळ टेकते. तिला वाटते मी झोपले आहे. माझी आई शूर आहे. पण नंबर ओळखीचा नसला की ती मला फोन उचलू देत नाही."

रवा करपायला लागलेला. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. कान गरम झालेले. एक तर चोरी पकडली गेली, आणि वर अशी चोरी की जी मी स्वतःपाशीही कबूल केली नव्हती. बावीस पेले! मी कधी मोजले नव्हते. मला खरंच वाटायचं की सांडू नये म्हणून मी तसं करते.

आता सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी वाट बघत होते. हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं, आणि सून रोज पाणी ढवळतेय. पण त्या एवढंच म्हणाल्या, "अक्षर सुधारलंय गं तुझं," आणि तांदूळ निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले आणि पातेल्यापाशी घुटमळले. बदलू की नको? शेवटी पेला घेतला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. झोपेत त्या बारीक घोरतात. त्या पहाटे घोरत नव्हत्या.

आणखी सोळा दिवस गेले. आम्ही पोरीचा गणवेश घालून बघत होतो, बाह्या लांब झालेल्या, आणि फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मी उचलला.

"उतरलो खाली," नवरा म्हणाला. "ठीक आहे सगळं. पोरीचं काय झालं?"

"पाचवी," मी म्हटलं. पोरीने फोन हिसकावून घेतला आणि हॅलोसुद्धा न म्हणता सतराचा पाढा सुरू केला. एकशे सत्तरपर्यंत पोचली. मग सासूबाईंनी फोन घेतला, "जेवलास का?" एवढंच विचारलं, ऐकलं, आणि फोन परत दिला.

त्यांनी हातपाय धुतले, समई लावली. पातेल्याशेजारी धुतलेला पंचा अंथरला, ताम्हन ठेवलं. मी बाजूला सरकले. नवस त्यांचा, देव त्यांचे, त्यांनीच काढायचे. त्या गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या, पाण्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"ये इकडे," म्हणाल्या. "तूच काढ. त्यांना तुझ्या हाताची सवय झालीय."