मार्थाबाई भारतीय झाल्या त्याची गोष्ट

सरकारी नोकरीत पगार साठत नाही, किस्से मात्र साठतात! नव्वदीच्या दशकात मी साताऱ्याला कलेक्टर कचेरीच्या गृहशाखेत कारकून होतो. मिरवणुकीचे, बंदुकीचे परवाने रोजचेच. नागरिकत्वाचा अर्ज क्वचित. पण त्यातल्या एकाच अर्जानं इतके किस्से दिले, की संध्याकाळी मी चपला काढायच्या आत बायको विचारायची, ''आज मार्थाबाई आल्या होत्या?''

*

मार्थाबाई मूळच्या डेन्मार्कच्या. मेढ्याजवळच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून आल्या आणि तिथल्याच कंपाउंडरशी लग्न करून राहिल्या. पहिल्यांदा टेबलासमोर आल्या तेव्हा मी शर्ट सारखा केला आणि ठेवणीतलं इंग्लिश काढलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, ''भाऊसाहेब, मराठीत बोला की. काम लवकर हुईल!''

*

राहण्याची मुदत त्यांना दरसाल वाढवून घ्यावी लागे. नवरा आणि मुलगी सोनाली जन्मानं भारतीय. घरात परदेशी त्या एकट्याच. एकदा अभ्यासावरून त्यांनी सोनालीवर हात उगारला.

पोरगी म्हणाली, ''आई, मी भारताची नागरिक हाय. परदेशी मान्सानं मला मारायचं न्हाई!''

सांगताना बाई पोट धरून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, ''पर एखाद्या साली मुदत न्हाई दिली तर? मला जावं लागंल, आन् ही हितंच ऱ्हाईल.'' माझं हसू गेलं. त्यांच्या अर्जाची फाईल मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली.

*

बाई खरंच गावात राहतात का, याच्या चौकशीला हवालदार गेले. भाताची लावणी चाललेली. तिकडं पैऱ्याची पद्धत: आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. बाई गुडघाभर चिखलात वाकलेल्या.

हवालदारांनी शेजारणीला विचारलं, ''ही इथंच राहते कशावरून?''

''आवं, उद्या माझी लावणी हाय. ती न्हाई आली तर तुमी येणार हाय का?''

अहवाल ताबडतोब आला. अनुकूल!

*

भारतीय झाल्यावर डेन्मार्कचा पासपोर्ट सोडावा लागणार होता. मी समजावलं, ''मग माहेरी जायला तुम्हाला व्हिसा लागेल. तिकडच्या सरकारची परवानगी घ्यावी लागेल.''

शेजारी त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या, अनसाबाई. त्या म्हणाल्या, ''त्यात नवीन काय? आजवर माझी घेत हुती, आता त्यांची बी घील!''

*

शेवटी मंजुरी आली. शपथ घ्यायची होती. साहेबांच्या केबिनमध्ये सगळं घर हजर. मार्थाबाई हिरवं लुगडं नेसून आलेल्या, हातात शपथेचा कागद. ''भारताच्या संविधानाशी मी खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगीन...'' त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, सही केली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! मी पेढ्यांचा पुडा सोडायला घेतला.

तेवढ्यात अनसाबाई पुढं झाल्या. ''सायेब, आता माझी.''

साहेब हसले. ''आजी, तुम्हाला गरज नाही. तुम्ही जन्मापासून भारताच्याच.''

''व्हय, पर मला कुटं कुनी इचारलं? हिला इचारून घेतलं. मलाबी म्हनू द्या की!''

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली आणि उभे राहिले. मग आम्हीही सरळ उभे राहिलो.

''मार्थाबाई,'' साहेब म्हणाले, ''पुन्हा पहिल्यापासून वाचा. जरा सावकाश. आम्हा सगळ्यांना म्हणायचंय.''