फ्योर्डावरच्या डोंगरात बुड न टेकण्याची पैज

नॉर्वेला निघालेल्यांना आधीच सांगते: तिथं डोंगर चढायला जाऊ नका. गेलात तर सख्ख्या भावाबरोबर जाऊ नका. आणि भावाबरोबर गेलातच, तर पैज लावू नका. मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ही तिन्ही कामं एका रविवारात उरकली.

माझा धाकटा भाऊ दिनू बर्गनला जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात वेल्डर होता. शिरोलीत आमच्या वडिलांची, तात्यांची, छोटी फौंड्री. ती टाकून गडी गेला. जाताना तालमीपुढं हार घालून घेतला आणि सगळ्या पोरांसमोर छाती काढून बोलला, "आता कोल्हापूरला येतोय ते पावणा म्हणूनच!" चार वर्षं झाली. तात्यांचे गुडघे गेले, भट्टीपुढं उभं राहवेना. तेवढ्यात दिनूनं मला फिरायला ये म्हणून तिकीट पाठवलं. तात्या म्हणाले, "आक्का, खुशाल फिर, पण येताना त्याला घेऊन ये. न्हायतर मी फौंड्री विकून मोकळा होतो."

बर्गनला पाऊस येत-जात नाही, तो तिथं मुक्कामालाच असतो. छत्री न्या, दोन न्या. बाहेर कॉफी पिऊ नका. एका कपाच्या पैशात आपल्याकडं घरदार जेवून उठेल. गाव चित्रासारखं नीटनेटकं, पण तीन दिवसांत दिनूचं दार एकाही माणसानं वाजवलं नाही. शेजारीण जिन्यात भेटली की भिंतीकडं बघायची. मी मुद्दाम मोठ्यानं "जेवला का?" विचारायचे, मराठीतच. बाई पळायची.

शनिवारी मी विषय काढला. दिनू उसळला, "मी हितं राजासारखा हाय, आक्का!"

"राजा स्वतःचे सॉक्स सिंकमधे धुतो व्हय रे?"

त्यानं दोरीवरचे ओले सॉक्स ओढून खिशात कोंबले. मग म्हणाला, "पैज लाव. उद्या डोंगर चढून पलीकडच्या अंगाला उतरायचं. सबंध वाटेत तू बुड टेकायचं न्हाय. जमलं तर मी तुझ्याबरोबर येतो. न्हाय जमलं, तर पुन्हा हा विषय न्हाय."

पैजेला नाही म्हणायला मी काय दुसऱ्या गावची होते? लावली.

सकाळी बस, मग गाडीसकट माणसं नेणारी बोट, आणि पुढं आपले पाय. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या मधे लांबवर घुसलेला समुद्र. त्याच्या काठावरनंच चढ सुरू. माझा अवतार विचारू नका: पाचवारी साडी, आत दिनूची पँट, पायात त्याचे रबरी बूट. वाट म्हणजे धोंड्यांवर रंगवलेल्या लाल खुणा. एक चुकली की दुसरी शोधत बसा. बसा म्हणजे उभ्यानं. मला बसायची बंदी होती.

या लोकांच्या घरात नळाला गरम पाणी, खाली मऊ गाद्या, आणि सुट्टी मिळाली की हे मुद्दाम हाल करून घ्यायला डोंगरावर येतात. जिन्यात न बोलणारी माणसं वाटेवर मात्र हसून नमस्कार करत होती. सत्तरीची एक म्हातारी आम्हाला मागं टाकून गेली. पुढं ती धोंड्यावर बसून पाव खाताना दिसली. या जेवायला, म्हणायची पद्धतच नाही! मीच तिच्या पावावर कांदालसूण चटणी घातली. एक घास खाऊन बाई डोळे पुसत निघाली ती पुन्हा दिसली नाही. आम्ही घोड्यासारखं उभ्यानं खाल्लं: पाव आणि तपकिरी चीज. दिसायला साबणाची वडी, चव करपलेल्या बासुंदीची.

त्यापुढं जूनमधे बर्फ. गुडघाभर. मी दिनूच्या बापाला, म्हणजे आमच्या तात्यांनाच, मोठ्यानं शिव्या घातल्या. एकदाचा माथा आला. जोतिबाला चढलं तर देव असतो, गुलाल असतो, चहा असतो. इथं काय, तर दगडांचा ढीग! पण खाली बघितलं आणि तोंड बंद झालं. हिरवंनिळं पाणी, त्यात काडीएवढी बोट, आणि कुठं चिटपाखराचा आवाज नाही. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. उभं राहवेना. मी तिथल्या धोंड्यावर सरळ बसले आणि म्हणाले, "हरले बाबा. राहा तू हितंच."

जिंकलेल्या माणसाचं तोंड कसं असतं? दिनूचं पांढरं पडलं होतं. त्यानं झटकन पाठ फिरवली, फ्योर्डाकडं तोंड केलं.

"ऊठ, आक्का."

"अरे, बसले की मी!"

"कुठं? मी बघितलंच न्हाय." आवाज घोगरा झालेला. "ऊठ. मी बघायच्या आत ऊठ की."

मला लख्ख समजलं. तालमीपुढं हार घालून गेलेला गडी करमत नाही म्हणून परत आला असता, तर गावानं जन्मभर हसून घेतलं असतं. पैज हरून आला तर शब्दाचा पक्का. इतका संताप आला मला! गाढवा, चार ओळींचं पत्र टाकलं असतंस तर हा डोंगर कशाला चढवलास? पण बोलले नाही.

मी उठले. त्यानं माझी पिशवी घेतली, ओल्या उतारावर हात धरून उतरवलं. आणि चार वर्षं राजा असलेल्या माणसाची बडबड सुरू झाली. भट्टीवर आता कोण असतं? तालमीपुढचा चहावाला हाय का अजून? तात्या पोरांवर ओरडतात का पहिल्यागत? पलीकडच्या धक्क्यावर बोट येईतो तो थांबला नाही.

महिन्याभरात आम्ही दोघं घरी. तालमीपुढं मटणाचं जेवण झालं. दिनू ताटावर बसून सगळ्यांना सांगत होता, "आक्कानं पैज मारली. मर्दाचा शब्द हाय, यावं लागलं. न्हायतर काय थाट होता माझा!"

फौंड्री अजून चालू आहे, आता त्याची पोरं बघतात. घरात लग्न असो की बारसं, दिनू ती गोष्ट सांगतोच, आणि दरवर्षी तो डोंगर थोडा उंच होतो. शेवटी माझ्याकडं बोट: "हिच्यामुळं नॉर्वे सुटलं माझं!" मी मान हलवते आणि भाजी वाढते.

सुनेनं हे सगळं टाइप केलं आणि विचारात पडली. "आई, तुम्ही बसला होता हे आता सगळे वाचणार. दिनूमामा काय म्हणतील?"

"काय म्हणायचंय? म्हणेल, मी बघितलंच न्हाय."