सासऱ्यांनी छापलेलं पोस्टर

कागदावरच्या कोऱ्या जागेचा इतका धसका घेतलेला दुसरा माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि जो एकमेव होता तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आखाडा बाळापुरात त्यांचा छापखाना आहे. लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका छापण्यात त्यांची हयात गेली, आणि त्या हयातीत त्यांनी बोटभर जागा कधी मोकळी सोडली नाही. "कोरी जागा दिसली की समजायचं, कोनाचं तरी नाव राहिलं," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा चेहरा खरंच कासावीस व्हायचा. माझ्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका अर्थातच त्यांनीच छापली. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, कार्यवाहक, आपले विनीत अशा सगळ्या रांगा लागल्यावर नवरदेवाचं नाव शोधायला माझ्या आईला चष्मा लावावा लागला. खाली किलबिल होतीच, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या लेकरांची. त्यात शेवटी 'येणारं बाळ' असंही छापलं होतं, कारण मेहुण्याच्या बायकोला सातवा महिना होता आणि उद्या त्या बाळाने मोठं होऊन जाब विचारला तर काय सांगायचं, असा त्यांचा सवाल होता. मी जावई. काय बोलणार? गप बसलो. तेव्हापासून गप बसण्याचा माझा रियाज चालू आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. गेल्या वर्षी माझ्या गळ्यात नसती आफत आली. शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रकल्प म्हणून एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता, आणि नुसता व्हिडिओ नाही, तर त्याच्या प्रचाराचं साहित्यही. पोस्टर करा, ते लोकांना दाखवून तपासा, लोक काय म्हणाले ते लिहा, सुधारा, पुन्हा दाखवा, आणि शेवटी कॉलेजच्या सभागृहात गाणं दाखवा. मार्गदर्शक कोण, तर मी, ज्याला मोबाईलवर फोटो कापायलासुद्धा बायकोची मदत लागते. गाणं मात्र चांगलं होतं. जवळच्या तांड्यावरच्या एका मुलीने ते लिहिलं होतं आणि गायलीही तीच. बारीक चणीची, वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी, पण गायला लागली की आम्ही संध्याकाळी वर्गाच्या खिडक्या लावायचं विसरायचो.

गाण्याचं चित्रण तिच्या वडिलांच्या शेतात केलं आणि तिथे माती खाल्ली ती मी. शिजवलेली हळद वाळत घातली होती. मी म्हणालो, "तिथं मधे उभी राहा, रंग चांगला दिसतो." ती अनवाणी उभी राहिली. कॅमेरावाली पोरं मात्र बूट घालूनच त्या हळदीत शिरली. वडील तांड्याचे कारभारी, म्हणजे नाईकाच्या खालोखाल मानाचा माणूस. ते बांधावरून आले, बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "पायातलं काढायचं असतं." ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या दिवसापासून लेकीशी बोलणं बंद केलं, कारण या लोकांना शेतात तिने आणलं होतं. मी दोनदा माफी मागायला गेलो. त्यांनी मला पाणी दिलं, चहा दिला आणि विषय पावसापाण्याच्या पलीकडे जाऊ दिला नाही. ती दर रविवारी वसतिगृहातून घरी जायची आणि सोमवारी उतरलेलं तोंड घेऊन यायची. एकदा मला म्हणाली, "सर, मार्क किती बी पडू द्या. बापूनं फक्त त्या दिवशी यावं. बोलायचं ते मग बघू." त्या दिवसापासून तो प्रकल्प माझ्यापुरता एवढाच उरला, की कारभारी सभागृहात यावेत.

पोरांनी केलेलं पहिलं पोस्टर सुंदर होतं. पिवळा रंग, पाठमोरी मुलगी, खाली गाण्याचं नाव, तारीख, वेळ. बाकी सगळं मोकळं. ते कॉलेजात फिरवून 'आवडले' आणि 'आवडले नाही' असे दोन रकाने असलेला कागद पोरांनी भरून घेतला. सगळ्यांनी 'आवडले'वर खूण केली आणि येणार का म्हणून विचारलं तर सगळ्यांना त्या दिवशी नेमकं काम निघालं. छपाईसाठी मी ते सासऱ्यांकडे नेलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, मग जवळ धरलं, आणि हळूच विचारलं, "जावईबापू, कोनी वारलं का?"

इथेच मी पोस्टर घेऊन पळायला हवं होतं. नांदेडला नेऊन छापलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बायको शेजारी बसली होती आणि वडिलांच्या छापखान्यात एवढं मोठं काम येतंय म्हणून तिचा चेहरा फुलला होता. सासऱ्यांनी वही काढली आणि माझ्या पोरांना समोर बसवून नावं विचारायला सुरुवात केली. विजेची वायर कोणाच्या विहिरीवरून घेतली? दोन दिवस जेवण कोणी दिलं? ट्रॅक्टर कोणाचा? व्हिडिओत मागून जाणाऱ्या शेळ्या कोणाच्या? शेळीवालीचं नाव आलं, तिच्या सासूचं आलं. तांड्याचे नाईक आले, गिरणीवाला आला. पोस्टरवरची पोरगी दिसेनाशी होत होत शेवटी तिकिटाएवढी झाली आणि पत्रिकेत जिथे गणपती असतो तिथे, डोक्यावर मधोमध, जाऊन बसली. पोरांतला एक काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, ह्याला डिझाइन म्हणत्यात का?" मी कपाळाला हात लावला. दुसरं काय करणार होतो?

तपासणीची त्यांची पद्धत तर त्याहून न्यारी. आमचा रकान्यांचा कागद त्यांनी वाचला आणि घडी करून खिडकीच्या फटीत खोचला, वारा येऊ नये म्हणून. "हे आपल्या मानसायला विचारून काय फायदा?" ते म्हणाले. "आपला मानूस चांगलंच म्हनतंय. जो रुसतो त्याला विचारावं." पंचक्रोशीतला सगळ्यात रुसका माणूस म्हणजे एक माजी सरपंच, आणि सासऱ्यांची प्रत्येक पत्रिका छापण्याआधी या गृहस्थांच्या ओसरीवरून जाऊन यायची. या गृहस्थांनी एका लग्नात ताटात पहिल्यांदा वरण वाढलं की भात, यावरून पंगत सोडली होती. सासरे प्रूफ त्यांच्या हातात द्यायचे आणि तोंडाने एक शब्द न काढता नुसतं त्यांच्या बोटाकडे बघत बसायचे. बोट नावांवरून खाली खाली जायचं. शेवटी पोचून थांबलं तर पत्रिका पास. पण खाली जाऊन बोट पुन्हा वर आलं, की काहीतरी चुकलं. नाव नाही, नाहीतर मान नाही, नाहीतर ज्याच्याशी वाकडं आहे तो शेजारी आहे. "आलं का वर?" घरी आल्यावर सासूबाई विचारायच्या. "आलं," असं म्हणून ते न जेवता पुन्हा यंत्रावर बसायचे.

पोस्टरच्या वेळी बोट तीनदा वर आलं. पहिल्यांदा त्यांचं स्वतःचं नाव नाईकांच्या खाली होतं म्हणून. दुसऱ्यांदा गिरणीवाला जवळ आला म्हणून. तिसऱ्यांदा नुसतं 'सरपंच' छापलं होतं आणि हल्लीच्या सरपंचाला ते लागायचं म्हणून 'माजी' हवं होतं. माझी सहा पोरं प्रत्येक वेळी ओसरीच्या पायरीवर ओळीने बसून हे सगळं वहीत लिहून घेत होती, कारण अभ्यासक्रमात 'प्रतिसाद नोंदवा' असं होतं. मी वैतागून म्हणालो, "मामा, एका शब्दासाठी एवढी तकलीफ कशाला? बसत नाही तर राहू द्या." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या मुलीला माहेरी सोडून देतो म्हणालो. 'माजी' बसवायला त्यांना आणखी अर्धा दिवस लागला. चौथ्या वेळेस बोट खाली थांबलं. आणि एक गोष्ट मला नाइलाजाने कबूल करावी लागते. पोस्टरं लागली तशी लोक स्वतःहून विचारायला लागले, "गानं कवा हाय?" शेळीवालीने तर सासूला नवं लुगडं घ्यायला लावलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती मुलगी पोस्टरसमोर उभी राहून वाचत होती. मी सहज बघत होतो. तिचं बोट खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, बापूचं नाव न्हाई." मी पुढे होऊन वाचलं. नाईक होते, गिरणीवाला होता, शेळीवालीची सासू होती, 'माजी' होतं. कारभारी नव्हते. ज्याच्या शेतात हे सगळं झालं, ज्याची ही लेक, त्याचंच नाव नव्हतं.

मी तडक छापखान्यात गेलो. सासऱ्यांनी वही काढली. वहीत नाव होतं. मग त्यांनी संगणकावर पोस्टर उघडून ओळी तपासल्या आणि ते एकदम खुर्चीत खचले. 'माजी'ला जागा करताना त्यांनी ते नाव ओळीतून काढलं होतं, पोरीच्या फोटोखाली, सगळ्यांपेक्षा मोठ्या अक्षरात, एकटं टाकायचं म्हणून. काढलं, आणि टाकायचं राहिलं. "वेगळं टाकावं म्हनलं," ते म्हणाले, "बापाचं नाव त्या गर्दीत काहून ठेवायचं." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण समोरचा चहा तसाच सोडून ते पेन शोधायला लागले होते. मग आम्ही दोघं मोटारसायकलवरून निघालो, लावलेल्या पोस्टरांवर पेनाने नाव लिहायला. पहिल्याच पोस्टरसमोर थांबलो आणि लक्षात आलं की लिहायला जागाच नाही. एक अक्षर मावेल एवढी जागा त्यांनी कुठेच ठेवली नव्हती. ते पेन उघडून नुसते उभे राहिले. शेवटी तसेच तांड्यावर गेलो, तर कारभारी वसमतच्या बाजारात हळद घेऊन गेलेले. दाराला कुलूप, आणि दारासमोरच्या गिरणीच्या भिंतीवर आमचं पोस्टर.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह भरलं. एवढं की माजी सरपंचांना दुसऱ्या रांगेत बसावं लागलं आणि तरी ते रुसले नाहीत. ती पोरगी पडद्याशेजारी उभी राहून दाराकडे बघत होती. मी दारातच होतो. खिडक्यांना काळे कपडे लावले आणि गाणं सुरू होणार, तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. कारभारी. काखेत भिंतीवरून सोलून आणलेलं पोस्टर, मागे गिरणीच्या भिंतीचा चुना तसाच चिकटलेला. "हे कोनी छापलं?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत सासरे खुर्चीवरून उठून व्हरांड्यात गेले आणि हात जोडून म्हणाले, "मी छापलं. चूक माही हाय."

मग जो दणका सुरू झाला! लेकीशी इतके दिवस न बोललेलं सगळं त्या माणसाने माझ्या सासऱ्यांवर ओतलं. नाईकाचं नाव आहे, गिरणीवाल्याचं आहे, शेळीवालीच्या सासूचं आहे, मग आमीच काय घोडं मारलं? "मान नका देऊ," ते म्हणत होते, "पन पोरगी कोनाची हाय, तेवढं तं कळू द्या लोकायला." सासरे मान खाली घालून "बराबर हाय तुमचं, बराबर हाय" एवढंच म्हणत होते. आत अंधार झाला, गाणं सुरू झालं. माझा एक कान आत, एक बाहेर. पहिलं कडवं त्या आवाजात बुडून गेलं. पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघायला लागले आणि पोरीने दाराकडचं तोंड फिरवलं. संपलं सगळं, असं मला वाटलं. दार लावून घ्यावं का, तर बाहेर तिचा बाप होता.

दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज वर चढतो. तिथे कारभाऱ्यांचा आवाज खाली आला. भांडण थांबलं नाही. तेच ते आरोप, तीच नावं, तेच हातवारे करणं, पण सगळं कुजबुजत. सासरेही कुजबुजत "बराबर हाय" म्हणायला लागले. दोन म्हातारी माणसं दाराकडे पाठ करून, एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन, जीव तोडून हळू आवाजात भांडत होती. गाणं संपेपर्यंत ते तसंच चाललं. टाळ्या सुरू झाल्या तसे कारभारी गप्प झाले, पोस्टरची गुंडाळी पुन्हा काखेत मारली आणि आत न बघता निघून गेले.

ती धावत बाहेर आली तेव्हा रस्त्यावर फक्त धूळ होती. "आत आले न्हाईत?" तिने विचारलं. नाही, असं सांगताना मला तिच्याकडे बघवेना. सासरे व्हरांड्याच्या कठड्याला टेकून घाम पुसत होते. ते म्हणाले, "माय, जिंदगीभर लोकायच्या शिव्या खाल्ल्या, पन इतक्या हळू आवाजात माह्याशी कोनी भांडलं न्हाई. तुहं गानं ऐकू यावं म्हनून आवाज खाली घेतला त्यानं."

"कोनत्या ओळीपासून?" तिने विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कानात त्या वेळी शिव्याच होत्या, ओळ त्यांना कुठून माहीत असणार. पहिलं कडवं आख्खं वाया गेलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

"पहिल्याच," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि ओढणीने तोंड पुसून खुर्च्या उचलायला आत गेली. सासरे तिच्याकडे बघत राहिले. तिचे वडील त्या रविवारी तिच्याशी बोलले का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.