ओसरीवरचं प्रभुभोजन

ज्या दिवशी मी पंचांच्या बैठकीत हात वर करून पाच माणसांना देवाच्या घराबाहेर ठेवलं, त्या दिवसापासून मला प्रार्थना करता येईना. गुडघे टेकत होतो, ओठ हलत होते, पण कोरड्या विहिरीत बादली सोडावी तसं वाटायचं. नुसता आवाज यायचा. मी शाळामास्तर होतो, मंडळीचा पंच होतो, माझ्या वडिलांच्या हातांनी या चर्चच्या भिंती लिंपलेल्या होत्या. माझ्यात काही बिघडलं असेल, असं मला वाटलं नाही. चर्चमध्ये नवीन आलेल्या पाळकसाहेबांनी माणसांची मनं ढवळली, म्हणून असं होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

अड्याळपासून तीनेक कोसांवर आमचं गाव. आणीबाणी उठून एखादं वर्ष झालं असेल. वीसबावीस घरांची आमची ख्रिस्ती मंडळी, कवेलूच्या छपराचं लहानसं चर्च आणि त्याला पुढे ओसरी. त्या ओसरीवर दर रविवारी पाचजण बसत. तलावाच्या पलीकडे झोपड्या बांधून राहणारी ही माणसं, महारोग झालेली. कोणाची बोटं झडलेली, कोणाचं नाक बसलेलं. त्यांच्यात सगुणाबाई सगळ्यांत वडील. तिच्या दोन्ही हातांना बोटांची नुसती खुंटं उरली होती. पण तिचा आवाज असा, की आत आम्ही गीत सुरू करायचो आणि बाहेरून ती ते उचलून धरायची. प्रभुभोजनाच्या दिवशी आत आम्ही सगळे एकाच प्याल्यातून पीत असू; त्यांना मात्र भाकरीचा तुकडा पळसाच्या पानावर देत आणि भिजवलेल्या मनुकांचा रस त्यांच्या त्यांच्या टिनाच्या गिलासात वरून ओतत. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पंचांच्या त्या बैठकीत पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या प्रभुभोजनाला हे पाचजण आत बसतील. प्याला सर्वांना एकच राहील."

मी उभा राहिलो. पोरांच्या आरोग्याचं बोललो, गाव आमच्या शाळेत मुलं पाठवणार नाही हे बोललो. शिकलेला माणूस बोलतो तसं मुद्देसूद बोललो. हात वर झाले ते माझ्या बाजूनं. पाळकसाहेबांनी वाद घातला नाही, एवढंच म्हणाले, "बरं. मी थांबतो." खिडकीबाहेर ओसरी झाडत असलेल्या सगुणाबाईचा खराटा मधेच थांबला होता. तो पुन्हा सुरू झालेला मी ऐकला.

त्यानंतर महिनाभरानं हंगामाचा सण आला. नवा धान घरोघरी आला होता. सगळ्यांनी पायल्यांनी तांदूळ आणून वेदीपुढे ठेवले आणि दुपारी चर्चच्या आवारात जेवण होतं. भाताचा मोठा गंज चुलीवरून उतरवायला मी सदऱ्याच्या बाह्या वर सारून पुढे झालो. एका हातानं फडक्यात कडी धरली, दुसरा हात गंजाला टेकला होता, आणि मी कोणाशी तरी हसून बोलत होतो. तेवढ्यात ओसरीवरून सगुणाबाई ओरडली.

"गुरुजी, हात काढा जी! हात काढा!"

मी बघितलं. कोपराच्या खालचं कातडं गंजाला चिकटून सोलून निघालं होतं. लोक धावले, कोणी तेल आणलं, कोणी बटाटा किसून आणला. मीही तोंड वाकडं करून "हाय हाय" केलं. पण खरं सांगतो, मला काहीच दुखलं नव्हतं. त्या ठिकाणी दोन वर्षांपासून एक फिकट चट्टा होता. मी त्याला घामानं उठणारं शिबं समजत होतो.

जेवणं आटोपून लोक पांगले. मी फाटकाशी आलो, तर सगुणाबाई तिथं उभी. चार हात अंतर राखून, नेहमीसारखी.

"गुरुजी, तुमाले दुखलं नाही न?"

"दुखलं तर. कातडं निघालं, दिसत नाही का?"

"मायं बी असंच झालतं. भाकरी टाकता टाकता तव्यावर हात राहला. वास आला तवा समजलं." ती हळू बोलत होती, कोणी ऐकू नये असं. "थो चट्टा कवापासून हाय?"

मला राग आला. मी म्हटलं, "हे पाहा, कुठं बोललीस तर..."

"मी कायले बोलू जी?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना समाधान. "अड्याळच्या रस्त्यावर बाभळीखाली दर गुरुवारी औषधाची गाडी येते. लवकर गोळ्या घेतल्या तर बोटं राहतात. मले कोणी सांगतलं नोतं. म्हणून तुमाले सांगून राहिली."

पुढचे दिवस कसे गेले ते आता आठवलं तरी कसनुसं होतं. बायकोला, मार्थाला, काही सांगितलं नाही. पोट बिघडल्याचं निमित्त करून माझं ताट वेगळं घेऊ लागलो. आमची एलिस सहा वर्षांची. शाळेतून आलो की ती मांडीवर चढायची. तिला मी "मोठी झालीस आता" म्हणून उतरवून ठेवायचो. ती कोपऱ्यात जाऊन पाटीवर रेघोट्या मारत बसायची, आणि मला तिच्याकडे बघवत नसे. नोकरी जाईल, गाव टाकील, पोरीचं लग्न होणार नाही, असं सगळं एकापाठोपाठ मनात यायचं. एका गुरुवारी सायकल काढून निघालो, बाभूळ दिसली आणि तसाच परत फिरलो. त्या रस्त्यावर एका शेताच्या बांधावर बसून मी कित्येक दिवसांनी पहिली खरी प्रार्थना केली. शब्द फार नव्हते. "प्रभू, माझ्यानं हे होत नाही. आता तू पाहा." एवढंच.

पुढच्या गुरुवारी मी पोहोचलो तेव्हा गाडीजवळ वीसपंचवीस माणसं बसली होती. त्यात माझ्या ओळखीचा एक दुकानदार कोणाला तरी पोचवायला आलेला. त्यानं मला पाहिलं. "गुरुजी, तुम्ही इथं कसे?" तेवढ्यात सगुणाबाई उठून म्हणाली, "आमीच बोलावलं जी त्याईले. आमच्या वस्तीच्या लोकायची नावं लिहाले. डाक्टर, गुरुजी आले, त्याईले आत घ्या."

ज्या बाईला मी चर्चच्या उंबरठ्याआत येऊ दिलं नव्हतं, तिनं माझी अब्रू अशी स्वतःच्या पदराखाली झाकली.

गाडीत पडदा होता. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले, कापसाचा बोळा फिरवला, टाचणी टोचली. कोपरामागची नस दाबून पाहिली. मग म्हणाले, "सुरुवात आहे. गोळ्या नेमानं घ्या, बरे व्हाल. घरात वेगळं राहायची काही गरज नाही."

मी विचारलं, "बाहेर सगुणाबाई आणि तिच्या वस्तीतली माणसं बसलीत, त्यांचं काय? त्यांच्यापासून लागण...?"

"त्यांचा रोग कधीच गेला. हातपाय गेले ती त्याची खूण राहिली, बस. इथं येतात ते जखमा बांधायला." डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता बोलले. "भ्यायचंच असेल मास्तर, तर गोळी न घेतलेल्याला भ्यावं. घेतलेल्याला कशाला?"

मी गाडीतून खाली उतरलो. ओसरीवर बसणारे ते पाचही जण बरे होते. आणि दोन वर्षं आत, पुढच्या बाकावर बसून, सगळ्यांच्या प्याल्याला ओठ लावणारा रोगी मी होतो.

घरी येऊन मार्थाला सगळं सांगितलं. ती धान पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि चट्ट्यावरून बोटं फिरवली. "म्हणून दूर दूर राहून राहिले होते काय तुमी?" तिचा आवाज चढला. "मले वाटलं माया हातून काय चुकलं. पोरगी रोज विचारते, बाबा माह्यावर रागावले काय म्हणून. सांगता येत नोतं तुमाले?" ती रडली, मग भांडली, आणि त्या संध्याकाळी तिनं एकाच ताटात वाढलं.

पाळकसाहेबांना सांगायला गेलो तेव्हा वाटलं, आता ते म्हणतील, "बघितलंत?" ते तसं काही म्हणाले नाहीत. मी म्हटलं, मला रविवारी बोलायचं आहे. ते म्हणाले, "विचार करा. तुम्ही बोलला नाहीत तरी माझ्याकडून कोणाला कळणार नाही." पण मला आता झाकून राहायचं नव्हतं.

त्या रविवारी प्रभुभोजनाआधी मी उभा राहिलो. मुद्दे काही नव्हते. बाही वर सारली आणि झालं ते सांगितलं. पुढे म्हणालो, "माझ्या बापाला या गावात पाणी वरून ओतून पाजत होते. ओंजळ धरून, मान खाली घालून तो प्यायचा. तो रडत हे सांगायचा आणि मी ऐकलं होतं. तरी मी सगुणाबाईच्या गिलासात वरून ओतणं चालू ठेवायला लावलं. मला क्षमा करा. मी बाहेर बसतो."

मी ओसरीवर जाऊन खाली बसलो. वाटलं, संपलं सगळं. थोड्या वेळानं पावलं वाजली. मार्था आली, एलिसचा हात धरून. एलिस तडक माझ्या मांडीवर बसली. मग पंचांमधले सगळ्यांत म्हातारे काठी टेकत आले. मग आणखी एक घर, मग दोन. ओसरी भरली, लोक पायऱ्यांवर बसले, अंगणात बसले. सगुणाबाई इकडेतिकडे पाहून म्हणाली, "आता आत कोण बसन जी?" आणि सगळे हसले. पाळकसाहेबांनी टेबलच उचलून दारात आणलं.

प्याला आला तेव्हा तो सगुणाबाईला धरता येईना. मी तिच्या ओठांशी धरला. ती प्याली, मग मी प्यालो, माझ्यानंतर म्हातारे पंच.

सगळेच आले असं नाही. दोन घरं त्या दिवशी मागच्या दारानं निघून गेली, त्यातलं एक पुढे परतलं, एक कधीच नाही. शाळेत काही महिने पोरं कमी झाली. गाडीतले डॉक्टर गावात येऊन पारावर बोलले, तेव्हा हळूहळू भरली. माझ्या गोळ्या काही वर्षं चालल्या आणि मी बरा झालो. पाचही जण त्यानंतर आत बसू लागले. सगुणाबाईला पुढच्या बाकावर बसवलं, तर ती म्हणायची, "इथून गीत बरोबर निघत नाही, मले मधात बसू द्या." एलिसला पाढे मी शिकवले, गीतं तिनं.

ऐंशीच्या दशकात, सगुणाबाई फार थकली होती तेव्हा, एका दुपारी मी तिच्या झोपडीत बसलो होतो. इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, "सगुणाबाई, मी तुम्हाला बाहेर ठेवलं होतं. माझं गुपित तुमच्या हातात आलं, तरी तुम्ही कोणाला कसं सांगितलं नाही?"

"सांगतलं होतं न एकाले."

मी चमकलो. "कोणाला?"

"प्रभूले," ती म्हणाली. "बैठकीत तुमी हात वर केला, थ्या दिवसापासून रोज तुमचं नाव घेऊन सांगत होती, का गुरुजीच्या मनाले काहीतरी दुखून राहिलं, त्याले बरं कर."

ज्या दिवसांत माझी प्रार्थना सुकली होती, त्या दिवसांत माझ्यासाठी कोणीतरी ओसरीवरून मागत होतं, आणि ते ऐकलं गेलं होतं. चमत्कार कशाला म्हणतात ते मी सांगू शकत नाही. देवाला शरण जाणं म्हणजे मी त्याच्या हाती स्वतःला सोपवायचं, असं मी आयुष्यभर समजत आलो होतो. मी सोपवण्याआधीच एका बोटं नसलेल्या बाईनं मला त्याच्या हाती देऊन ठेवलं होतं. त्याचे उपकार मी रोज मानतो, आणि तिचेही.