दोनशे तीन नंबरची सदनिका आणि जोडलेले हात

ती दुपार मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असेच मला वाटते. जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा कार्यभार तेव्हा माझ्याकडे होता आणि निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. जेवणानंतरच्या वेळेत ठाण्यात गर्दी कमी असते. अशा वेळी साठी ओलांडलेले एक जोडपे रिक्षातून उतरले. सोबत सहा बॅगा. त्यांना विमानतळावरच्या कागदी पट्ट्या तशाच चिकटलेल्या होत्या.

ठाणे अंमलदार म्हणून बसलेले आमचे हवालदार स्वभावाने गमत्ये. ते म्हणाले, "काय पाव्हणं, मुक्कामालाच आलात का आमच्याकडं?"

"ऱ्हायला घर व्हतं, भाऊ," ते गृहस्थ म्हणाले. "सकाळी जाऊन बघितलं तर तिथं दुसरंच बिऱ्हाड. बाई चांगली हाय. तिनं च्या दिला आमाला. आमच्याच घरात."

हवालदारांनी एका बॅगेवरची पट्टी वाचून पाहिली. बॅगांवर टांझानियाचा पत्ता आणि तोंडात जवळच्या शिनोली गावच्या पारावरची मराठी, हा मेळ त्यांना लागेना.

हकीकत अशी होती. या गृहस्थांचे आजोबा शिनोलीचे. सुतारकामासाठी ते आफ्रिकेत गेले आणि तिकडेच राहिले. नातू तिकडेच जन्मला आणि बंदरावर यंत्रदुरुस्तीची नोकरी करून निवृत्त झाला. बायकोही तिकडच्याच मराठी घरातली. दोन मुले कॅनडात. निवृत्तीनंतर आजोबांच्या मुलुखात येऊन राहायचे, असे दोघांनी ठरवले. परदेशी नागरिकाला भारतीय वंशाच्या कार्डावर सदनिका विकत घेता येते, शेतजमीन घेता येत नाही. म्हणून शिनोलीचा विचार सोडून त्यांनी वारूळवाडीत बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनशे तीन क्रमांकाची सदनिका घेतली. त्यासाठी ते चोवीस दिवस इकडे येऊन राहिले, पूर्ण रक्कम दिली आणि करारनामा नोंदवला. परत जाताना त्यांनी शिनोलीतल्या चुलतभावाच्या मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिले. ताबा घेणे, विजेचा मीटर बसवणे, सोसायटीची कामे, एवढ्यासाठी. तिकडे जाऊन त्यांनी राहते घर विकले आणि अकरा महिन्यांनी सामान घेऊन आले.

हवालदारांनी त्यांचा जबाब घेतला आणि त्यांनी सही केली. मी त्यांना विचारले, "काका, तिकडचं घर विकायची इतकी घाई का केली?"

"सायब, तिकडं मराठी बोलायला आमी दोघंच उरलो. एक गेलं की दुसऱ्यानं कुणासंगं बोलायचं?"

दोघांची सोय एका लॉजवर करून मी पुतण्याला बोलावणे पाठवले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या मोटरसायकलवर, वेळेवर, प्लास्टिकच्या फाईलमध्ये कागद लावून आला. पस्तीस-छत्तीसचा, नीटनेटका, आवाज खाली. पळून जाणाऱ्या माणसापेक्षा वेळेवर येणाऱ्या माणसाकडे जास्त लक्ष द्यावे, हे मी नोकरीत शिकलो. पण त्याचे कागद पक्के होते. नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्रात चौदा कलमे होती. अकराव्यात लिहिले होते की, करारनामा रद्द करण्याचा आणि परताव्याची रक्कम घेण्याचा अधिकार मुखत्यारास आहे. त्या अधिकारात त्याने करार रद्द केला, रक्कम घेतली आणि शिनोलीजवळ कोंबड्यांची मोठी शेड उभी केली. बिल्डरने सदनिका दुसऱ्या कुटुंबाला विकली. सगळे नोंदवलेले, शिक्क्यासह.

"काकांना विचारलंत का?"

"विचारल्याशिवाय कसं करीन, सायब? हे बघा." त्याने मोबाईलवरच्या संदेशांच्या छापील प्रती पुढे ठेवल्या. लेखी मराठी संदेश होते, एकूण नऊ. प्रत्येकाखाली काकांचे उत्तर म्हणून जोडलेल्या हातांचे चिन्ह. "हात जोडलेत की त्यांनी. आता इथं आल्यावर मन फिरलं असंल. म्हातारी माणसं हायेत, राव."

मी तेव्हा जे केले ते सांगायला हवे. मी जोडप्याला बोलावून सांगितले की कागदोपत्री हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे दिसते, वकील करा आणि कोर्टात जा. आम्ही अधिकारी हे वाक्य फार सहज वापरतो. काकांनी मान हलवली. काकू एवढेच म्हणाल्या, "कोर्टाला किती वरसं लागत्यात, सायब? आमाला किती हायेत ते बी बघा."

त्या प्रती माझ्या टेबलावरच राहिल्या. आकडे मोजायची मला सवय आहे. घरी विजेचे बिल आले तरी मी आधी मीटर पाहून येतो. संध्याकाळी निघण्यापूर्वी मी ते नऊ संदेश पुन्हा वाचले आणि चौथ्यावर थांबलो. पुतण्याने लिहिले होते, "काका, करार ठेवायचा का रद्द करायचा? दोन्हीपैकी काय ते कळवा." त्याखाली उत्तर, जोडलेले हात.

ठेवायचा का रद्द करायचा, याला हात जोडणे हे उत्तर होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडून त्यांचा फोन मागून घेतला. त्यात भावकीचा एक गट होता. चुलती वारल्याची बातमी, त्याखाली काकांचे जोडलेले हात. कुणाला मुलगी झाली, जोडलेले हात. विहिरीवरची मोटार जळाली, जोडलेले हात. कुणीतरी विचारले होते, "जत्रेला मटण किती किलो सांगायचे?" तिथेही हात.

मी काकांना बसवले आणि समोर एक छापील कागद ठेवला. "एवढं जरा वाचता का?"

"चष्मा लॉजवर ऱ्हायला, सायब."

काकू शेजारी होत्या. त्या त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "चष्म्यानं काय होणार हाय? सांगून टाका आता."

काका हळूच म्हणाले, "इंग्रजी येतं. सवाहिली येतं. मराठी नुसती बोलता येती. आमच्या तिकडं मराठी शाळा नव्हती. पण सायब, हे लिवू नका. भावकीत समद्यांना वाटतं, आफ्रिकेचा माणूस असून किती झ्याक मराठी बोलतो. अंगठेबहाद्दर म्हणून नाव नको व्हायला."

आता मला सगळे दिसू लागले होते. कुलमुखत्यारपत्रावर त्यांनी न वाचता सही केली, कारण वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटली. संदेशांना हात जोडले त्याचे कारणही तेच. पण हे त्यांनी सांगितल्याशिवाय गुन्हा उभा राहणार नव्हता. आणि ते त्यांना सांगायचे नव्हते.

मी फाईलमधून त्यांचा पहिला जबाब काढला, आमच्याच हवालदारांनी घेतलेला, आणि मोठ्याने वाचू लागलो. मधोमध वाक्य होते, "सदर कुलमुखत्यारपत्र मी वाचून व समजून त्यावर सही केली आहे."

"थांबा," काका म्हणाले. "असं मी कवा म्हणलो?"

मी हवालदारांना हाक मारली. ते आले, वाक्य पाहिले आणि मान खाली घातली. "सायब, तसंच लिहितात ना नेहमी. हात बसलाय."

जबाबाच्या शेवटी ठरलेले वाक्य होतेच, "माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे." त्याखाली काकांची इंग्रजी सही. तो जबाब त्यांना कुणीही वाचून दाखवला नव्हता. पुतण्याच्या वकिलाला दुसरा पुरावा शोधायची गरज पडली नसती. आमच्या ठाण्याने तो तयार करून ठेवला होता.

काकू म्हणाल्या, "पयली सही पोरानं घेतली. दुसरी पोलिसांनी घेतली. आता तिसरी कुणासाठी ठेवलीय?"

काकांनी टेबलाची कडा धरली होती. ते म्हणाले, "लिवा, सायब. मला मराठी वाचता येत न्हाई, असं सरळ लिवा."

त्यांचा पुरवणी जबाब मी स्वतः लिहिला आणि ओळीओळीने वाचून दाखवला. दोनदा त्यांनी थांबवले. एकदा विचारले, "फिर्यादी म्हंजे कोण?" मी म्हणालो, "तुम्ही." ते म्हणाले, "मग मी असं लिवा की." कायद्याने ते दोन्ही चालते. मी तसे लिहिले.

आता प्रश्न उरला तो पुतण्याच्या हेतूचा. काकांना वाचता येत नाही हे त्याला ठाऊक होते का? ठाऊक नसेल तर तो सुटला असता. नोंदणी कार्यालयाबाहेर दस्त लिहून देणारे एक गृहस्थ बसायचे. ठाण्यातून चौकशी सुरू आहे हे कानावर गेल्यावर एका सकाळी ते स्वतःहून आले. दारातच म्हणाले, "माझं नाव कुठं आलं न्हाई पायजे."

"आधी सांगा तर."

"मी कागद वाचायला दिला तवा पाव्हणं म्हणालं, चष्मा इसरला. चष्मा डोक्यावर व्हता, सायब. आमी दोघांनी बघितलं. मी म्हणलं, वाचून दाखवू का? तर पुतण्या म्हणाला, मी सांगतो त्यांना. बाजूला घेऊन बोलला बी. काय बोलला ते मला ठावं न्हाई. पण अकरावं कलम सहीच्या आदी त्यानंच घालून घेतलं व्हतं."

त्यांचे नाव आले, यायलाच हवे होते. साक्षीदाराला असे आश्वासन मी कधी दिले नाही. पण जबाब त्यांनी दिला.

गुन्हा दाखल केला, पंचांसमक्ष पुतण्याचा फोन जप्त केला आणि त्याला समोर बसवले. मी आवाज चढवत नाही. ओरडल्याने माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस आपल्याला हवे ते सांगतो, खरे ते नाही. मी दोन आकडे कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवले. एकशे बारा आणि नऊ.

"हे काय आहे, ओळख."

"न्हाई कळलं."

"अकरा महिन्यांत तू काकांना एकशे बारा वेळा आवाजात निरोप पाठवलेस. मीटर बसला, रंग कोणता द्यायचा, खिडकीला जाळी लावायची का. त्यांनी प्रत्येकाला बोलून उत्तर दिलं. लिहून पाठवलेस फक्त नऊ. ते नऊच्या नऊ करार रद्द करण्याबद्दल. असं का?"

त्याने कागदाकडे पाहिले. त्याने पाणी मागितले, ते दिले.

"शेड अर्धी झाली व्हती, सायब. बँकेनं हात वर केलं. वाटलं, दोन बॅच निघाल्या की पैसं भरून दुसरी सदनिका घिऊन देऊ."

"ते मी विचारलं नाही. तेवढंच लिहून का पाठवलंस?"

"त्ये लई प्रेमानं बोलत्यात फोनवर. बोलून सांगायला तोंडच झालं न्हाई." मग तो म्हणाला, "लिवलं म्हंजे सांगितल्यासारखं बी व्हतं आन् न सांगितल्यासारखं बी."

मी अनेक कबुल्या ऐकल्या. इतकी नेमकी क्वचितच. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा होत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. उपयोग झाला तो त्या दोन आकड्यांचा आणि दस्तलेखकाच्या साक्षीचा.

प्रकरण न्यायालयात उभे राहिले. तोवर दोनशे तीनमधले कुटुंब तिथेच राहिले. त्यांचा काही दोष नव्हता, आणि त्यांना उठवा असे काकांनी एकदाही म्हटले नाही. काका-काकू भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. साक्षीच्या दिवशी शिनोलीहून जीप भरून भावकी आली होती. निम्मी पुतण्याच्या बाजूची, निम्मी नुसती बघायला.

आरोपीच्या वकिलांनी उलटतपासात विचारले, "तुम्ही इतकी अस्सल मराठी बोलता. आणि न्यायालयाला सांगता की वाचता येत नाही? यावर कोण विश्वास ठेवेल?"

काकांनी मागे बसलेल्या भावकीकडे एकदा पाहिले. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "जिच्याकडनं मी मराठी शिकलो, त्या माझ्या आईलाच लिवता-वाचता येत नव्हतं, सायब. ती बी अशीच बोलायची."

मागच्या बाकावरच्या एक वयस्कर बाई शेजारणीला म्हणाल्या, "आन् मला तरी कुठं येतंय?" न्यायाधीशांनी ते ऐकले असावे, पण कुणाला काही म्हटले नाही. काकांचे उत्तर शब्दशः नोंदवून घ्यायला सांगितले.

पुढे पुतण्याच्या वडिलांनी शेड आणि जमिनीचा एक तुकडा विकून रक्कम भरली. आपलेही नाव येणार हे दिसल्यावर बिल्डरने त्याच इमारतीत तळमजल्यावरची सदनिका त्याच दरात दिली. ती चाळीस चौरस फुटांनी लहान आहे. काकू म्हणाल्या की झाडायला बरी. पुतण्याला शिक्षा झाली. ती कमी की जास्त, हे ठरवणे माझे काम नव्हते.

माझ्या वाट्याला जे आले ते वेगळे. काकांनी न वाचलेला कागद पुतण्याने सहीसाठी पुढे केला, म्हणून मी त्याच्यावर गुन्हा दाखल केला. तसाच कागद माझ्या ठाण्याने त्याच काकांपुढे केला होता, माझ्या खोलीपासून दहा पावलांवर. मी हवालदारांना लेखी समज दिली, पण सुरुवात स्वतःपासून करायला हवी होती. त्या आठवड्यापासून मी नियम केला की माझ्या ठाण्यात घेतलेला प्रत्येक जबाब देणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, मग तो शिकलेला असो वा नसो. वेळ जातो म्हणून कर्मचारी कुरकुरले. पहिल्या आठवड्यात चौदा जबाब झाले. त्यांतल्या तिघांनी मध्येच थांबवले आणि म्हणाले, असं मी बोललो नाही.

त्याआधीच्या तीस वर्षांत किती जणांनी थांबवले असते, हा एकच आकडा माझ्याकडे नाही.