गनीभाईंचं पीठ

वेल्डिंगचं दुकान मुलाच्या हाती देऊन भडगावच्या गनीभाईंनी एक नाद लावून घेतला: खेड्यापाड्यांतली विसरलेली कबरस्तानं शोधायची. काटेरी बाभळींतून आत शिरायचं आणि दगडावर ज्वारीचं पीठ चोळायचं, की झिजलेली अक्षरं पांढरी होऊन वर येत. मग फोटो काढायचा. गिरणाकाठच्या कितीतरी घरांना त्यांनी हरवलेले पणजोबा मिळवून दिले. सापडत नव्हती ती फक्त स्वतःची आई. ते तान्हे असतानाच ती गेली होती.

दोंडाईच्याला दिलेली थोरली बहीण, अकबरीआपा, सांगायची की अब्बांनी आईच्या उशाशी तिच्याच जात्याचा दगड उभा केला होता. गनीभाई हसण्यावारी न्यायचे. सहा वर्षांच्या पोरीला काय आठवणार?

यंदा हिवाळ्यात आपा काठी टेकत स्वतःच आली.

"मी जायच्या आधी आईच्या उशाशी फातिहा पढायचाय. तुझं पीठ कधी कामाला येणार?"

आईच्या गावच्या जुन्या कबरस्तानात गनीभाईंनी सकाळपासून झाडून सगळ्या दगडांना पीठ चोळलं. अक्षर एकावरही नव्हतं. शेजारच्या बांधावरून शेतकरी चुडामणनाना गंमत बघत होते.

"भाऊ, दगडस्ले पीठ चारी राह्यनात का?"

तेवढ्यात नानांच्या शेळ्यांनी बांध ओलांडला. गनीभाई टोपी हलवत एकीला हाकलत, तोवर दुसरी मागचा दगड चाटून लख्ख करी. नाना हसून हसून बांधावरच बसले. आपाही हसू लागली आणि मध्येच काठी टेकत पुढे झाली.

एका अर्ध्या पुरलेल्या दगडावरचं पीठ शेळीने पार फस्त केलं होतं. मात्र वरच्या कडेजवळच्या दोन खोल भोकांत तिची जीभ पोचली नव्हती. दोन पांढरे ठिपके डोळ्यांसारखे टुकटुक बघत होते.

"मोठं भोक आईच्या खुंट्याचं," आपा म्हणाली. "धाकटं माझ्या बोटाचं. मलाही जातं फिरवायचंय असा हट्ट केला म्हणून अब्बांनी पाडून दिलं होतं."

तिने त्यात बोट घातलं. बरोबर बसलं नाही. बोट आता जाड झालं होतं. मग तिने गनीभाईंचा हात धरून मोठ्या भोकावर ठेवला. अख्ख्या तालुक्याच्या कबरी धुंडाळणारा माणूस तिथेच मांडी घालून बसला. रडतोय की हसतोय, ते त्यालाही कळेना.

फातिहा झाल्यावर त्यांनी फोटो काढला. त्यात दगडाच्या निम्म्या भागावर शेळीचं तोंड आलं, मिशांना पीठ लागलेलं. ते दुसरा काढायला गेले, तर आपाने अडवलं.

"राहू दे. आईच्या जात्यातलं पहिलं पीठ आमची शेळीच पळवायची."