गुप्त कामाचे बाळकृष्णराव

हिमायतनगर मोहल्ल्यातल्या बाळकृष्णरावांना कुणी नोकरीबद्दल विचारलं, की ते आधी मागे वळून बघत आणि मग हळूच म्हणत, "गुप्त आहे." उदारीकरणाच्या कृपेने नौदलाची किरकोळ कामं खाजगी कंपन्यांकडे झिरपू लागली होती आणि कुकटपल्लीतल्या अशाच एका कंपनीत ते ड्रॉइंग काढत. काम होतं नव्या धर्तीच्या फ्रिगेटचं, म्हणजे मधल्या आकाराच्या युद्धनौकेचं. शत्रूच्या रडारला चटकन दिसू नये म्हणून तिच्या बाजू तिरप्या ठेवलेल्या. एवढं गुपित ते लग्नाच्या पंगतीत पापड तिरपा धरून समजावून सांगत. ऐकणाऱ्यांचा समज असा, की देशाचं संरक्षण साधारण हिमायतनगरातूनच चालतं. विमलताईंनी तर नवऱ्याला भाजीची पिशवीसुद्धा कधी धरायला लावली नाही.

या गुप्ततेचा फायदा देशापेक्षा बाळकृष्णरावांनाच जास्त होता. कारण अख्ख्या जहाजात त्यांच्या वाट्याला आले होते खलाशांच्या संडासाचे पाइप.

याच कीर्तीवर लेकीला, केतकीला, स्थळ चालून आलं. मुलगा चेतन कॉम्प्युटरवाला आणि केतकीच्या मनात पक्का भरलेला. त्याचे वडील आबासाहेब अंबरपेठचे, नौदलातून नुकतेच निवृत्त झालेले. पोहे खाता खाता कळलं, की शेवटची वर्षं ते नेमके याच फ्रिगेटवर होते. बाळकृष्णरावांनी घाईघाईने सगळ्यांना आणखी पोहे वाढायला सांगितले.

आबासाहेबांनी आधी जहाजाची तोंडभरून स्तुती केली. बांधणी देखणी, इंजिनं दमदार. मग त्यांचा चेहरा बदलला. मोठी लाट आली आणि जहाजाने नाक खाली घातलं, की संडासातलं सगळं उलटं फिरून वर यायचं आणि थेट झोपायच्या खोलीत पसरायचं.

"लई परेशान झालो हो," आबासाहेब म्हणाले. "त्या पाइपवाल्याला एकदा भेटायचंय मला. ओळखता काय तुम्ही?"

'गुप्त आहे' हे शब्द जिभेवर तयार होते. तेवढं बोलले असते तर लग्न ठरल्यात जमा होतं, आणि केतकी त्यांच्याकडेच बघत होती. पण बाळकृष्णरावांना भलतंच काहीतरी झालं. त्यांच्या कामाची आजवर कुणी दखलच घेतली नव्हती, ती पहिल्यांदा या माणसाने घेतली होती. शिव्या तर शिव्या. त्यांना लाज वाटली आणि भरूनही आलं.

"तो मीच," ते म्हणाले. "उतार बरोबर दिला होता मी. जहाज हलतं, हे ध्यानातच आलं नाही."

विमलताई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. आबासाहेबांनी बशी खाली ठेवली.

"समुंदर पाहिलाय कधी?"

"हुसेनसागर तलाव पाहिलाय."

केतकीने डोळे मिटून घेतले होते. आबासाहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

"मुलगी पसंत आहे आम्हाला," ते शेवटी म्हणाले. "पण लग्न विशाखापट्टणमला करायचं. आदल्या दिवशी बोटीतून मी स्वतः तुम्हाला समुंदरात आत नेणार, वारा सुटला की. पोटभर जेवून या."